इंदूने निवडलेला शब्द

फोन कारखान्यातल्या माझ्याच टेलिफोन बोर्डावर आला. रत्नागिरीहून ट्रंक कॉल आहे असं एक्स्चेंजने सांगितलं, मी बोर्डात जोडणीची खुंटी घातली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कोण हवंय?" पलीकडून एक दमलेला आवाज म्हणाला, "मी इंदूचा भाऊ. ऑफिसात कळवायचं होतं... इंदू परवा गेली." फोनवर बोलतेय ती इंदूच्याच खोलीत राहणारी, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. "जोडते," एवढंच म्हटलं आणि हेडक्लार्कना लाइन दिली. मग पुढचा फोन आला, तोही जोडला. त्या दुपारी किती जणांना कुणाकुणाशी जोडून दिलं, आता काहीच आठवत नाही.

पिंपरीच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघी होतो, त्याच्या एका बाजूच्या भिंती अजून उभ्या राहत होत्या तेव्हा आम्ही तिथे रुजू झालो. मी संगमनेरची, टेलिफोनवर. इंदू देवरुखची, मुख्य इंजिनियरांच्या ऑफिसात स्टेनो. ऑफिसात बायका आम्ही दोघीच. चिंचवड गावात एका आजींच्या घरी माडीवरची खोली आम्ही मिळून घेतली होती. संध्याकाळी कारखान्यातून पायी निघायचं, सिंध्यांच्या दुकानांवरून भाजी घ्यायची आणि गप्पा मारत गावाकडे जायचं. वारा तिकडचा असला की दिघीच्या बाजूने लष्कराच्या सरावाचे बार ऐकू येत. तिला कोकणातला पाऊस आठवे, मला संगमनेरचं घर. दोघींनाही घर सोडून आल्याचा अभिमान होता आणि दोघींनाही घरची आठवण आली की आम्ही ती एकमेकींपासून लपवत असू.

मुख्य इंजिनियर इंग्रज होते. त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक कागद इंदूच्या टाइपरायटरवरून जाई, आणि आपली माणसं मराठीत विचार करून इंग्रजीत लिहीत, त्यामुळे ती रोज त्यातली एखादी गंमत ऐकवायची. वाटेत आमचा एक खेळच झाला होता. मी मराठी बोलायचं, तिने इंग्रजी सांगायचं. "मला कुणकुण लागली," मी म्हणे. "आय हॅड अ फीलिंग." "मला खटकलं." "समथिंग बॉदर्ड मी." एकदा मी म्हटलं, "माझ्या मनात पाल चुकचुकली." ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, "अगो, पालीला तिकडे नेऊ नको. साहेब छताकडे बघत बसतील." मग गंभीर होऊन म्हणाली, "बघ कमल, जितकं वाटतं तितकंच म्हणायचं. साध्या शब्दांत. मोठा शब्द वापरला की नुसतं वाटणं एकदम माहीत असणं होऊन बसतं." तिचे वडील शाळामास्तर होते. ही शिस्त त्यांची असावी. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला, त्यानंतर ती पुण्यात मावशीकडे राहून शॉर्टहँड शिकली होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडताना.

एकदा स्टोअरमधून तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं नाहीसं झालं. स्टोअरचे सुपरवायझर पाटणकर यांना साहेबांना रिपोर्ट द्यायचा होता. त्यांच्या हाताखाली दत्तू नावाचा निघोज्याचा एक माणूस होता, सायकलने ये-जा करणारा, अबोल. पाटणकरांनी हाताने लिहून दिलेला मजकूर इंदूने मला जेवणाच्या सुट्टीत दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘आय डाउट दॅट दत्तू हॅज टेकन द वायर.’

"यात काय?" मी विचारलं. "त्यांचा दत्तूवर संशय आहे."

"त्यांच्या मनात तेच आहे. पण साहेब वाचतील ते उलटं. दत्तूने तार नेली असेल असं मला वाटत नाही, असा याचा अर्थ होतो. आपण शंकेला आणि संशयाला एकच शब्द लावतो, त्यांच्याकडे ते वेगळे."

मला तर बरंच वाटलं. "मग तसंच टाइप कर ना. गरीब माणूस सुटेल."

इंदू डब्याचं झाकण लावत राहिली. "उद्या साहेब त्यांना बोलावून विचारतील, तेव्हा ते तोंडाने सांगतील ना? मग चोर तर ठरेलच, वर मी लपवलं असं होईल. आणि खरंच त्याने नेली असेल तर? मला काय ठाऊक?" तिची नोकरी तेव्हा पक्की झाली नव्हती. सुपरवायझरच्या इंग्रजीतल्या चुका काढायला गेलेली टायपिस्ट कुणाला आवडणार, हेही तिला कळत होतं. तरी ती उठली. पाटणकरांची केबिन माझ्या बोर्डाला लागूनच होती, त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

अर्थ उलटा होतोय म्हटल्यावर पाटणकर आधी चिडले, मग वरमले. "बरं झालं सांगितलंत बाई. मग सस्पेक्ट घाला."

"घालते. पण सस्पेक्ट म्हटलं की साहेब विचारतील, कशावरून? त्याला तार नेताना पाहिलं का कुणी?"

"पाहिलं नाही. पण तो आठवडाभर लवकर सटकतोय. नजरेला नजर देत नाही."

"मग साहेबांना तेवढंच सांगू या का? तो लवकर जातो, ते तुम्ही पाहिलंय. ते ठामपणे लिहिता येतं. तार त्याने नेली, हे तुम्हाला माहीत आहे, की तसं दिसतंय, की नुसतं वाटतंय? तिन्हीला इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. तुम्ही सांगाल तो घालीन."

आतून कागद चाळल्याचा आवाज आला. मी कानाला लावलेला फोन तसाच धरून होते... अखेर पाटणकर हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्याही घरी मुलं आहेत. नुसतं वाटतंय."

त्या रिपोर्टात शेवटी, दत्तूचं नाव गाळून, जे गेलं ते इंदूने मला म्हणून दाखवलं होतं. काहीतरी ठीक नाही असं मला वाटतं, पण कुणावर आरोप करावा असं माझ्याकडे काही नाही. इंग्रजीत तर ते याहूनही साधं होतं. साहेबांनी ते वाचून कुणा एकाला बोलावलं नाही, सगळ्या स्टोअरची तपासणी लावली. तार काही सापडली नाही. कुणी नेली, हे आजही कुणाला माहीत नाही. दत्तू लवकर का जात होता, ते मात्र पाटणकरांनी स्वतः विचारलं. तो म्हणाला, "घरवालीला दिवस गेल्यात, तिला लई तरास हाय. रजा मागायचं धाडस न्हाई झालं." पाटणकरांनी त्याला रजा दिली. आपल्या नावाचा एक कागद साहेबांपर्यंत जाता जाता राहिला, हे दत्तूला कधीच कळलं नाही. हेडक्लार्कनी मात्र इंदूला समज दिली, टायपिस्टने टायपिंग करावं म्हणून. तिची नोकरी पक्की व्हायला त्यामुळे उशीर झाला. पण पुढे पाटणकरच हातात कागद घेऊन तिच्या टेबलाशी उभे राहू लागले. "बाई, हे कसं म्हणू?"

गेल्या हिवाळ्यापासून तिला बारीक ताप येऊ लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली, हवापालट सांगितला. भाऊ न्यायला येणार होते. आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती रजेचा अर्ज टाइप करत होती, मी शेजारी थांबले होते. शेवटच्या ओळीशी तिची बोटं थांबली.

"कमल, ‘आय एक्स्पेक्ट टू रिटर्न’ लिहू, की ‘आय होप टू रिटर्न’?"

"एक्स्पेक्ट लिही," मी म्हटलं. "येणारच आहेस."

ती माझ्याकडे बघून हसली. "एक्स्पेक्ट म्हणायला काही आधार लागतो गो," ती म्हणाली, आणि होप टाइप केलं. मग कागद यंत्रातून हलकेच सोडवून घेतला, घडी न घालता टेबलावर ठेवला. मी टाइपरायटरवर त्याचं कव्हर घातलं. 

ती वारल्यावर भाऊ येऊन तिची ट्रंक घेऊन गेले. साड्या, पुस्तकं, देवाची तसबीर, सगळं मी नीट भरून दिलं. आमसुलांची बरणी तेवढी कोनाड्यात मागे राहिली, आणि ती माझ्या लक्षात आली तेव्हा गाडी निघून गेली होती. दरवर्षी तिच्या घरून ती आमसुलं यायची. संगमनेरच्या माणसाला आमटीत चिंच लागते, यावरून आमचं पहिल्या महिन्यात भांडण झालं होतं, आणि मग मला आमसुलंच आवडू लागली. ती गेल्यापासून मी रोज दोन-दोन घालते आहे. तळाशी आता थोडीच उरली आहेत, मिठाने पांढरी पडलेली. काल बाजारातून चिंच आणली, भिजतही घातली... आणि आमटीला उकळी आल्यावर हात पुन्हा कोनाड्याकडेच गेला.