आत्यासाठी बदललेला शेवट

"तुमच्या कथेचा शेवट कधी गोड का नसतो हो?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. गोड पाहिजे तर गुळाचा खडा खा ना बाबा! गोड शेवट करून पाहिलाय मी. तो माझ्या आत्याला भोवला.

निजामाचं राज्य गेलं त्या साली आमच्या मुधोळकडे रझाकारांची धामधूम होती. आत्याचा नवरा बैल विकायला बाजाराला गेला, तो गेलाच. मेल्याची खबर नाही, जित्याचा पत्ता नाही. आत्या माहेरी येऊन वाट बघत बसली.

घरात वाचता येणारी मी एकटी, बारा वर्षांची. मास्तरांकडे नागपूरहून मासिक यायचं. दुपारी आत्या कापसातला कचरा निवडायची अन् मी तिला कथा वाचून दाखवायची. चार-पाच पानांच्या कथा, पण मेल्या एकजात रडक्या! एकीत लढाईवर गेलेल्या शिपायाची बायको वाट बघते. शेवटी तो मेल्याचा कागद येतो अन् दुसऱ्या दिवशी ती पेरणीला जाते. बस्स, संपली कथा. आत्याचा हात थांबलेला, डोळे माझ्या तोंडाकडे. माझी जीभच रेटेना. मी शिपायाला सात वर्षांनी घरी आणला. तेव्हापासून प्रत्येक कथेचं शेवटचं पान मी मनानंच वाचू लागले. गेलेला माणूस दरवेळी परत यायचा.

चार वर्षांनी आत्याला स्थळ आलं. आमच्यात बाईचं दुसरं लग्न पाट लावून होतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माणूस बिजवर, पण भला. दोनदा येऊन गेला.

"थो शिपाई नाई आला का सात वर्सानं?" आत्या म्हणाली. "मी थांबीन."

मी तिथंच उभी होते, मूग गिळून. त्या माणसानं दुसरीकडे पाट लावला.

पुढं राज्यांची वाटणी झाली. आम्ही आंध्रात गेलो, शाळा तेलुगू झाली, मास्तर चंबूगबाळं आवरून निघाले. जाताना जुन्या मासिकांचा गठ्ठा आमच्याकडे टाकून गेले. नवी वहिनी शिकलेली होती. आत्यानं तिला शिपायाची कथा वाचायला सांगितली. वहिनीनं बिचारीनं छापलं होतं तसं वाचलं.

मी तेव्हा माहेरपणाला आले होते. संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "तवा खरं काऊन नाई वाचलं वं? म्या पाट लावला असता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. कुंकू मात्र तिनं पुसलं नाही. "आता पुसून का करू?" म्हणायची.

म्हातारी होऊन आत्या गेली. आंघोळ घातल्यावर बायका अडल्या. सवाशीण म्हणून हिरवं लुगडं नेसवायचं, की विधवा म्हणून पांढरं? कुणालाच सांगता येईना. मी शिकलेली, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"हिरवं नेसवा," मी म्हटलं. त्याही दिवशी माझी जीभ रेटली नाही.