थोडी वाफ राखून

आक्काचा फोन मला साताऱ्याला आला. "तुझे दाजी गेले रे," ती म्हणाली, "चहा करायला उठले होते. गॅस बंद केला, मगच खुर्चीत टेकले..." त्याला आता महिना झाला. त्या एका वाक्यात सगळे दाजी आहेत.

सगळी नोकरी त्यांनी औष्णिक वीजकेंद्रात काढली. निवृत्तीनंतर सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात, उसाच्या भुशावर वीज करणारं मशीन सांभाळलं. ते पूर्ण ताकदीनं चालवायचं नाही, थोडी वाफ राखायची, हा त्यांचा नेम. दूर कुठं एखादं केंद्र बंद पडलं, की विजेच्या साऱ्या जाळ्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे मशीनांच्या फिरण्याची लय, घसरते. तेव्हा प्रत्येक मशीननं आपणहून वाफेची झडप उघडून थोडा भार उचलायचा असतो. "राखलंच नाही, तर देणार काय?" म्हणत. घरीही तेच. चहाचा कप दोन बोटं रिकामा लागे. मी त्याला चिकटपणा म्हणायचो.

मशीनच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. जेवण चांगलं असतं. कोनशिलेवर इतकी नावं, की कारखान्याचं शोधावं लागलं. चेअरमनना पाहुण्यांसमोर वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा टोकाला हवा होता. दाजींनी तो अलीकडेच ठेवला.

"साहेब, काटा टोकाला गेला न्हाई, तर फुडच्या साली तुमी घरी," चेअरमन त्यांच्या कानाशी म्हणाले. दाजींची नेमणूक वर्षावर होती आणि मशीनशिवाय घरी बसणं त्यांना झेपणारं नव्हतं. चेहरा उतरला, हात मात्र हलला नाही.

"मग घरी," ते म्हणाले.

पाहुण्यांनी बटण दाबलं. ते फक्त उद्घाटनाच्या पडद्याला जोडलेलं होतं. पण त्याच वेळी दूर कुठलं तरी केंद्र बंद पडलं असणार; मशीनचा सूर किंचित खाली आला, झडप आपोआप उघडली आणि काटा सरकत टोकाला भिडला... टाळ्यांचा कडकडाट. चेअरमन पाहुण्यांना सांगत होते, "आपल्या हाताला लय यश हाय."

खरं सांगून टाका, मी दाजींना म्हटलं.

"वाजवू देत. मशीननं त्याचं काम केलं."

जाळं सावरलं, काटा मागे आला, तोवर मंडळी पंगतीला बसली होती. नेमणूक पुढे दरवर्षी वाढत गेली; ती दाजींनीच एकदा थांबवली.

परवा सांगलीला गेलो. आक्कानं त्यांच्याच कपात चहा दिला, दोन बोटं रिकामा. तिच्या लक्षात आलं तशी किटली घेऊन वळली.

"हाताची सवय जात नाही बघ. भरू?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे तेवढं."