हिवाळ्याचा डबा

"वहिनी, जरा हिवाळा उघडता का?"

चपला काढायच्या आधीच शेजारच्या काकांचा हा प्रश्न घरात यायचा. हिवाळा म्हणजे आमचा फ्रिज. विश्रांतवाडीच्या आमच्या गल्लीतला तो पहिलाच, म्हणून मी तो स्वयंपाकघरात न ठेवता बाहेरच्या खोलीत ठेवला होता. वर क्रोशाचं कव्हर, किल्ली माझ्या कमरेला. आत काय? पाण्याच्या बाटल्या आणि अर्धं लिंबू. पण तोरा असा, की हिमालय जणू माझ्या माहेरचा!

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. "फुटणारं पुष्कळ केलं, आता फुलणारं करतो," म्हणायचे. आमच्या भागातल्या पुष्पप्रदर्शनात दरवर्षी गुलाबच पहिला. काकांनी अमेरिकेतल्या पुतण्याकडून जांभळ्या कोनफ्लॉवरचं बी मागवलं. "गुलाबवाल्यांपैकी एकाने तरी विचारलं पाहिजे, हे काय आहे म्हणून!" हट्ट एवढाच. असे एकाच हट्टावर जगणारे निवृत्त गृहस्थ तुमच्याही शेजारी असतील.

या बीला थंडी भोगल्याशिवाय कोंब येत नाही आणि पुण्याची थंडी म्हणजे स्वेटर मिरवायचं निमित्त. म्हणून ओल्या वाळूत कालवलेलं बी श्रीखंडाच्या डब्यातून माझ्या फ्रिजमध्ये आलं. एका रविवारी ह्यांनी जेवायला आलेल्या साहेबांच्या पानात श्रीखंड समजून त्याच डब्यातलं चमचाभर वाढलं. साहेब सभ्य. पानाकडे बघत म्हणाले, "घरी केलंत वाटतं?" काका धावत आले आणि पानातून बी वेचून घेऊन गेले.

काकांच्या बागेत, कुंपणाजवळच्या भर उन्हात रोपं आली. पहिलं वर्षभर नुसती खरबरीत पानं.

"काका, भाजीला कधी काढायची?" मी कुंपणावरून विचारायची.

"तुमच्या लिंबाचं सरबत झालं की!"

दुसऱ्या वर्षी फूल आलं. मधे तपकिरी काटेरी घुमट आणि भोवती जांभळट पाकळ्या, सगळ्या खाली झुकलेल्या. त्याची रीतच ती. काकांनी कुंडी प्रदर्शनात नेली.

परीक्षकबाई गुलाबवाल्या. लांबूनच म्हणाल्या, "कोमेजलंय हो. पाणी घालत जा."

"कोमेजलं नाही, नमस्कार करतंय," काका म्हणाले. "तुमच्या गुलाबांत ती पद्धत नाही, म्हणून ओळखू आलं नसेल."

इथे गप्प बसेन तर ती मी कसली! नवी नायलॉनची साडी सावरत पुढे झाले. "कोमेजेल कसं? आमच्या फ्रिजमध्ये होतं!"

"म्हणजे शिळंसुद्धा!" असं म्हणून बाईंनी कुंडी स्पर्धेतून बाद केली.

परतताना काका फाटकाशी थांबून एवढंच म्हणाले, "हे काय आहे, असं कोणी विचारलं नाहीच ना?"

"नाही. सगळ्यांना वाटलं, माहीतच आहे."

पुढच्या थंडीत ते नवं बी घेऊन आले, तेव्हा फ्रिजला कुलूप नव्हतं. नंतरही मी कधी लावलं नाही.

काका जाऊन खूप वर्षं झाली. त्यांच्या घराच्या जागी इमारत झाली; रोपांच्या त्या उन्हाच्या जागेवर आता तिथल्या लोकांच्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्या बियांची रोपं माझ्या फाटकाजवळ आहेत. जाणारे-येणारे न थांबता सल्ला देतात, "आजी, पाणी घाला!" मी म्हणते, "घालते हो."

परवा समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेली एक मुलगी लॅपटॉपची बॅग सावरत थांबली.

"आजी, हे काय आहे? किती क्यूट!"

मी सवयीने कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे एक पांढरी गाडी उभी होती.

मग मुलीला पायरीवर बसवलं आणि दारूगोळ्यापासून नमस्कारापर्यंत सगळं सांगितलं. फ्रिजचं तेवढं गाळलं.