मागच्या गल्लीनं आलेला उमेदवार

"अगं बाई, बरं झालं आलास! वरच्या बाथरूमची मोरी तुंबलीय. दोन दिवस झाले, पाणी उतरतच नाही."

बरकतपुऱ्यातल्या वकीलसाहेबांच्या बायकोनं दार उघडल्या उघडल्या मला हे सांगितलं. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा. हातात प्लास्टिकच्या कव्हरात विधानसभेचा उमेदवारी अर्ज. वय त्रेसष्ट. गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून नळाचं काम सोडून दोन वर्षं झालेली. पिशवी नाही, पाना नाही, काही नाही. तरी बाई म्हणतात, मोरी तुंबलीय.

आणि मी काय केलं? लाज सोडून सांगतो. अर्ज कपडे धुवायच्या दगडावर ठेवला, बाह्या वर केल्या आणि जिना चढलो. बाईंनी पडद्याची जुनी तार दिली. अर्धा तास त्या मोरीत हात घालून बसलो. केसांचा गुंता निघाला, साबणाचा लगदा निघाला, मग पाणी भसकन उतरलं. बाई खूश. "तुझ्या हाताला गुण आहे हो," म्हणाल्या. शर्टाच्या बाहीवर काळा डाग पडला होता. तो शर्ट माझ्या लेकीनं सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी इस्त्री करून दिला होता.

कुणी जबरदस्ती केली का? नाही. तेच तर डोक्यात घण घालतंय. "बाई, मी आज त्या कामाला आलो नाही," एवढं एक वाक्य बोलता आलं नाही मला.

खाली आलो तर वकीलसाहेब मागच्या ओट्यावर उभे. माझा अर्ज त्यांच्या हातात.

"काय रे हे?"

"साहेब, इलेक्शनला उभा राहतोय. अपक्ष. दहा मतदारांच्या सह्या लागतात, नऊ झाल्या. दहावी तुमची मिळाली तर उपकार होतील."

उपकार! हा शब्द मीच वापरला. वकीलसाहेबांनी अर्ज पुढून वाचला, मागून वाचला, आणि मुलाला हाक मारली. "अरे ये, बघ. आपला नळवाला आमदार होतोय." मुलगा आतून मोबाईल बघतच आला. म्हणाला, "डॅड, असेंबलीत प्लंबिंगचा पण पोर्टफोलिओ असतो का?" दोघं हसले. बाईही हसल्या. आणि मी पण हसलो. ओल्या हातानं उभा राहून त्यांच्याबरोबर हसलो.

मग वकीलसाहेब गंभीर झाले. अर्ज माझ्या हातात देत म्हणाले, "अरे, मत मागायला आलास आणि मागच्या गल्लीनं आलास. यावरूनच समज ना तू. लीडर कधी मागच्या गल्लीनं येतो का?"

सही केली नाही.

खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या जुन्या बंगल्यांच्या पाठीमागं एक माणूस जेमतेम जाईल एवढी गल्ली आहे. पूर्वी झाडूवाल्यांसाठी ठेवलेली. सगळे पाइप त्या बाजूला. चाळीस वर्षं मी त्याच गल्लीनं त्या घरांत गेलो. त्या दिवशी मत मागायला निघालो, कोपऱ्यावर आलो, आणि पाय आपोआप तिकडं वळले. नवा शर्ट, नवी चप्पल, हातात अर्ज, आणि शिरलो मागच्या गल्लीत. बैल तरी बरा, कधीतरी वाट चुकतो.

पण ही सवय मला लावली कुणी? मी बावीस वर्षांचा असताना, नळाचं काम शिकवणाऱ्या गौलीगुड्याच्या उस्तादाबरोबर पहिल्यांदा त्या घरी गेलो होतो. पुढच्या फाटकातून. वकीलसाहेबांचे वडील आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी उस्तादाला काही विचारलं नाही. मला विचारलं, "मराठी का? गाव कुठलं?" मी सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. आडनाव ऐकलं आणि त्यांचं बोट उठलं. "पाइप मागं आहेत. तू पण मागनंच येत जा." परक्या मुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून मी क्षणभर खूश झालो होतो. उस्ताद बाहेर आल्यावर मला म्हणाले, "क्या बोले रे वो? तेरा चेहरा कायको उतर गया?" मी म्हटलं, "कुछ नहीं." काय सांगणार होतो? जात आमच्या भाषेत विचारली गेली होती. उस्तादांना ती कळली नाही, मला कळली.

म्हणजे बापानं मागचं दार दाखवायचं, आणि मुलानं म्हणायचं, मागच्या दारानं आलास म्हणून तुझी लायकी नाही. आता बोला!

उभा का राहिलो, ते सांगतो. आमची वस्ती नाल्याच्या अंगाला आहे. तिथं पिण्याच्या पाण्याची लाइन गटाराच्या चेंबरमधून जाते. हो, चेंबरमधून. बाजूनं नाही, वरून नाही. पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं वास येतो, म्हणून बायका पहिल्या दोन बादल्या ओतून देतात. मी नळवाला, मला तिथं राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात कळलं. अर्ज दिले. मी सांगायचो, लेक इंग्रजीत लिहायची. आमदाराच्या ऑफिसातला माणूस दर वेळी एकच बोलायचा, "होजाएगा चाचा, देखते." वकीलसाहेबांनाही दिला होता एक अर्ज, त्यांची वरपर्यंत ओळख म्हणून. "बघतो," म्हणाले. त्यांनी काय बघितलं ते त्यांनाच माहीत. माझी बायको काविळीनं गेली. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होती. डोळे पिवळेधमक. मला म्हणायची, "साऱ्या शहराचे नळ नीट केलेत, आपलाच तेवढा राहिला." रागानं नव्हती म्हणत. मला मात्र आजही राग येतो, माझाच.

त्या दिवशी घरी आलो तर लेक ड्यूटीवरून आली होती. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. मराठी बोलते, वाचताना अडखळते, इंग्रजी फाडफाड वाचते. तिनं आधी बाही बघितली.

"पप्पा, हे काय?"

सांगितलं. ती चिडली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "त्यांचीच सही कशाला पाहिजे होती? त्यांचं मत एक, आपल्या गल्लीतल्या कुणाचंही एकच ना?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण तोंडातून काढायला जड गेलं. नऊ सह्या आमच्या लोकांच्या होत्या. रंगारी, भाजीवाली, ऑटोवाला, माझा जुना जोडीदार गवंडी. मला वाटलं, कागदावर एक तरी वजनदार नाव पाहिजे. नाहीतर निवडणूक ऑफिसातले लोक काय म्हणतील? म्हणजे मीही माझ्या माणसांना हलकंच समजत होतो. वकिलाच्या बापानं बोट दाखवलं, ते बोट माझ्याही डोक्यात जाऊन बसलं होतं. हे कळलं तेव्हा मला वकिलापेक्षा माझी जास्त किळस आली.

दहावं नाव मल्लम्माचं झालं. आमच्या समोर राहते. ठेकेदाराकडं रस्ता झाडायला आहे. तिला सही येत नाही, आणि अंगठा असला तर तो अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. अर्ध्या दिवसाची हाजिरी बुडवून ती आली. ऑफिसात सगळ्या पार्ट्यांची माणसं, फुलं, हार, फोटो. मल्लम्मा झाडूकामाचा निळा कोट घालूनच आली होती. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम इनको जानते?" ती म्हणाली, "जानती साहब. मेरे घर का नल येईच लगाया." अंगठा उठवला, उरलेली शाई केसांना पुसली.

छाननीत अर्ज मंजूर झाला. माझं नाव बोर्डावर लागलं. मी तीनदा वाचलं.

छाननीच्याही आधी, अर्ज भरल्यावर तिसऱ्याच दिवशी मल्लम्माची जागा बदलली होती. आमच्या वस्तीजवळचा रस्ता होता तिचा, चालत जायची. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहाटे पाचची हाजिरी, दोन बस बदलून. ठेकेदाराच्या माणसानं कारण सांगितलं नाही. मला वाटलं, असेल काही. एवढा भोळा मी!

मग वकीलसाहेब आमच्या वस्तीत आले. अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गाडी नाल्याच्या पुलावर ठेवून चालत आले. बसले. आणि तोंडातून पहिला शब्द काय? "अहो."

"अहो, तुम्ही तर फारच मनावर घेतलंत."

मी तुम्ही झालो. लेक माझ्याकडं बघत होती. तिनं तांब्यातून पाणी ओतून त्यांच्यापुढं धरलं. ते म्हणाले, "नको नको, गाडीत बाटली आहे माझी."

गाडीत बाटली आहे. माझ्या अंगात काहीतरी पेटलं. म्हणजे या माणसाला माहीत होतं आमचं पाणी कसं आहे. अर्ज वाचला होता तर! वाचून ठेवून दिला होता.

ते बोलतच होते. त्यांच्या भाच्याला एका मोठ्या पार्टीचं तिकीट मिळालंय. टक्कर अटीतटीची आहे. "आपण मराठी माणसं इथं मूठभर. आपली मतं फुटायला नकोत. आपलाच पोरगा निवडून आला तर तुमचंच काम होणार ना?" मग खिशातून कागद काढला. अर्ज मागं घेण्याची नोटीस. इंग्रजीत, माझं नाव टाईप केलेलं. फक्त सही बाकी. पेनही पुढं केलं.

"तुम्ही सही करा. त्या मल्लम्माचं मी बघतो. परवापासून तिच्या जुन्या जागेवर."

मल्लम्माचं नाव मी काढलं नव्हतं. लेकीनंही नव्हतं काढलं.

खोटं नाही सांगत, पेन मी हातात घेतलं. कारण ती बाई पहाटे तीनला उठत होती, माझ्यामुळं. मी हरणार हे मलाही माहीत, तिनं का भोगायचं? तसाच उठलो आणि समोर गेलो. मल्लम्मा नुकतीच येऊन उंबऱ्यावर पाय चोळत बसली होती. सगळं सांगितलं. म्हटलं, "मैं बैठ जाता हूँ मल्लम्मा. तेरी जगह वापस मिल जाएगी."

ती माझ्यावर खेकसली. "अन्ना, दिमाग खराब हुआ क्या? मैं आधा दिन छोड़के गई, अंगूठा मारी. तुम बैठ गए तो वो साहब मेरा अंगूठा वापस देता क्या?" आणि पुन्हा पाय चोळायला लागली.

मी परत आलो. वकीलसाहेब घड्याळ बघत होते. म्हटलं, "साहेब, चाळीस वर्षं तुमच्या घरी येत होतो. तेव्हा मी मराठी नव्हतो का?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. आणि त्या बाईला तुमची माणसं आज हलवतात, उद्या बसवतात, ती काय खुर्ची आहे?"

लेकीनं कागद उचलला, पेन त्यावर ठेवलं आणि दोन्ही त्यांच्या हातात दिलं. त्यांचा चेहरा बदलला. उठले. जाता जाता अहो गेलं, तुम्ही गेलं. "माज आलाय तुला," म्हणाले. हे बरं झालं. हा माणूस मला ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच मी निवडणूक ऑफिसात जाऊन बाकावर बसलो. माझा भरवसा उडाला होता. कुणी माझ्या नावानं खोटी सही करून कागद देईल, हा धसका. शिपायानं विचारलं, "क्या चाचा, विड्रॉ करने आए?" म्हटलं, "नक्को. मेरा नाम कोई निकालता क्या, देखने आया." तो हसला आणि चहा आणून दिला. माझ्यासमोर दोन अपक्ष आले, सही करून खाली मान घालून गेले. त्यांच्याबरोबर आलेली माणसं मात्र मान वर करून होती. लघवीला गेलो तेव्हा बरोबर आलेल्या लेकीला बाकावर बसवून गेलो. तीनला पाच कमी असताना भाचेसाहेबांचा एक माणूस आत डोकावला, मला बघितलं आणि परत गेला.

तीन वाजले. अर्ज मागं घ्यायची खिडकी बंद झाली.

मल्लम्मा अजून दोन बस बदलून जाते. तिच्यासाठी मी काही करू शकलेलो नाही, हे मला टोचतं आणि टोचतच राहू दे. मतं किती पडतील? आमच्या गल्लीची पडतील, गवंड्याच्या नातेवाइकांची पडतील. भाचेसाहेब पडतील की निवडून येतील, मला घेणं नाही. चेंबरमधली लाइन बाहेर काढेपर्यंत मी सोडणार नाही. या वेळी हरलो तर पुढच्या वेळी उभा राहीन. तेव्हा अडुसष्ट वर्षांचा असेन, गुडघे आणखी गेलेले असतील. वकीलसाहेबांनी तेव्हाही माझ्या नावाचा कागद टाईप करून आणावा. मी सही करणार नाही.