डबी शोधायला गेलो, पाणाड्या ठरलो

बायको गेल्यावर घर खायला उठायचं. भाच्याला माझी दया आली असावी, त्यानं मोबाइलमध्ये एक खेळ टाकून दिला. "मामा, कुणीतरी बाहेर कुठंतरी डबी लपवतं आणि जागा मोबाइलवर टाकतं. आपण जाऊन शोधायची, आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि होती तिथं परत ठेवायची." जिओकॅशिंग म्हणतात म्हणे.

"आणि मिळतं काय?"

"काहीच नाही."

वा रे वा! नसती उठाठेव. पण घरात बसून तरी मला काय मिळत होतं? गेलो.

त्या साली जायकवाडी तळाला गेलं होतं आणि शहर मात्र पैठण रोडनं बिडकीनकडं सुसाट सुटलं होतं. वावरं होती तिथं प्लॉटिंगचे दगड उभे. पहिली डबी तिकडंच, एका वस्तीजवळच्या माळावर दाखवत होती. स्कूटर लावली आणि मोबाइल हातात धरून निघालो. ऊन असलं की डोकं फुटावं. मोबाइलमधला बाण कधी इकडं पळायचा, कधी तिकडं. मी थांबायचो, मागं सरकायचो, वाकून दगड उचलायचो. त्या बाणाला मनसोक्त शिव्या घातल्या.

मान वर केली तर समोर एक म्हातारी. मागं तिची शेजारीण, काखेत रिकामी घागर.

"पाणी बघताय व्हय?" म्हातारीनं विचारलं.

मला काही उमगेना. शेजारीण म्हणाली, "नारळ नाय, काडी नाय. आता मोबाइलवर दिसतं वाटतं जमिनीतलं पाणी."

तेव्हा कुठं ट्यूब पेटली. यांनी मला पाणाड्या समजलं होतं!

"अहो, मी डबी शोधतोय, डबी!"

"कशाची?"

"कशाची नाही. चिठ्ठी असते आत."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. असल्या उन्हात कोण शहाणा रिकामी डबी हुडकत येईल? बोलताना माझं मलाच पटेना.

म्हातारी मला घरामागं घेऊन गेली. शेत प्लॉटांत गेलेलं. उरलं होतं दोन खोल्यांचं घर आणि मागची ही मोकळी जागा. टँकर आला तर आला. मुलगा पुण्याला. पाणी नाही तिथं कशाला राहतेस, विकून टाकू, असा त्याचा रोजचा फोन.

"बोअरला पाणी लागलं तर इथंच राहीन, म्हणलंय त्याला," ती म्हणाली. "मला ह्याच घरात मरायचंय. फिरा की जरा. कुठं लागंल सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर रागही आला, कुणाचा ते कळेना.

"आजी, मला पाण्यातलं काही कळत नाही. देवाशप्पथ."

ती त्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असू द्या. समजलं."

"अहो, काय समजलं? मला खरंच कळत नाही!"

"लई पाणाडे आले. समदे म्हणले, हितं हाय, हितं हाय. एकाचं ऐकून बोअर घेतला, नुसता फुफाटा उडाला. तुम्ही तसं नाय केलं." तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "पाणी नाय, असं तोंडावर सांगायला भल्या माणसाला जड जातं. कळतं मला."

मी ओरडून सांगत होतो. ती केव्हाच शेजारणीकडं वळली होती.

"माझ्या पोराला फोन लाव," म्हणाली. "म्हणावं, ये न्यायला."