नेट आलं नाही ते नऊ दिवस

हा अनुभव लिहावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. अनुभव म्हणावा इतकं मोठं यात काही घडलेलं नाही. कुणाचा आजार बरा झाला नाही, कुणाला स्वप्नात दर्शन झालं नाही. उलट ज्या आजारासाठी मी सगळ्यात जास्त देवाला विनवलं, तो बरा झालाच नाही. माझी माय गेल्या वर्षी गेली. त्यानंतर देवापुढे हात जोडताना माझ्या मनात काहीच नसायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवा लावायचे आणि मी शेजारी उभा राहायचो. ती श्रद्धा होती की सवय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

आम्ही पिंगळीला राहतो. मी परभणीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. शाळेतले एक गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी त्यांचा जुना लॅपटॉप मला दिला होता. त्यात विंडोज सेव्हन होती. तो कसा चालवायचा हे मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत मी माझ्यापुरतं शिकलो, आणि जे शिकलो ते बरोबरच आहे असं समजून राहिलो.

मायला किडनीचा आजार होता. डायलिसिसहून आली की ती दोन दिवस झोपून असायची, तिसऱ्या दिवशी थोडी उठायची. अशाच एका तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला नरसिंहाची आरती म्हणायला लावली आणि लॅपटॉपवर तिचा आवाज भरून घेतला. ती आरती तिने तिच्या आईकडून ऐकली होती. छापील पुस्तकात आहे त्यापेक्षा तिची चाल वेगळी होती. एकूण अकरा मिनिटं. फाईलला मी ‘माय’ असं नाव दिलं आणि ती स्क्रीनच्या मधोमध ठेवली. माय गेल्यावर दर शनिवारी संध्याकाळी अण्णा अंघोळ करून दिवा लावायचे, लॅपटॉपसमोर बसायचे आणि म्हणायचे, “लाव.” ते आरती म्हणायचे नाहीत, टाळी वाजवायचे नाहीत. नुसते ऐकायचे. तिचा फोटो घरात एकच आहे, तोही लग्नातला. त्यामुळे आमच्याकडे ती उरली होती ती त्या अकरा मिनिटांतच.

या वर्षी कॉलेजच्या ऑनलाईन चाचण्या सुरू झाल्या. त्याचं पान माझ्या लॅपटॉपवर उघडेना. मित्र म्हणाले, अजून सेव्हन वापरायलास का, संग्रहालयात ठेव ते. नवी विंडोज टाकल्याशिवाय इलाज नव्हता, तरी मी दोन आठवडे चालढकल केली. जुनं हळू चालायचं, पण मला त्याची सवय होती. उघडलं की मोबाईलचा हॉटस्पॉट आपोआप धरायचं. आणि खरं कारण असं की माय रोज पदराने त्याची धूळ पुसायची. त्यातलं काहीही बदलायला माझं मन घेईना. शेवटी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं? तुला कळतं, तू कर.”

माझ्यावरचा तो विश्वास मला तेव्हा बरा वाटला. आता आठवला की मान खाली जाते.

एका गुरुवारी मी परभणीच्या एका दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, “विंडोज अकरा न्हाई चालायची ह्याच्यावर, म्हातारं झालंय हे. दहा टाकू.” मग त्याने विचारलं की सी ड्राईव्हमधलं सगळं जाईल, डीमधलं राहील, सीमध्ये कामाचं काही आहे का. मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं, बघ बरं नीट. मी पुन्हा नाही म्हणालो. सीमध्ये मी कधी काही ठेवलंच नव्हतं. मायचा आवाज तर स्क्रीनवर होता, उघडताक्षणी दिसेल असा. समोर दिसणारी वस्तू कुठल्या ड्राईव्हच्या आत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरी जे कोनाड्यात ठेवलेलं असतं ते कोनाड्यातच असतं, कणगीत नसतं. माझी समजूत तशीच होती. एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. पण कॉलेजच्या पोराला एवढंही माहीत नाही असं तो म्हणेल, या लाजेने मी गप्प राहिलो.

घरी आल्यावर आधी लक्षात आलं ते वायफायचं. हॉटस्पॉट दिसेना. वायफायचं चिन्हच नव्हतं. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लागलेला नाही, नेटला जोड म्हणजे आपोआप येईल. नेट यावं म्हणून ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर यावा म्हणून नेट हवं. मोबाईल वायरने जोडून पाहिला, पण आमच्या घरातली वायर नुसती चार्जिंगची निघाली. या चिडचिडीत दोन दिवस गेले. स्क्रीन मोकळी दिसत होती, पण नवं आहे, तसंच असेल असं वाटलं.

शनिवारी अण्णा दिवा लावून बसले आणि म्हणाले, “लाव.”

मी शोधलं. डीमध्ये शोधलं, सगळीकडे शोधलं. कुठे चूक झाली ते मला तेव्हा हळूहळू कळत गेलं. स्क्रीनवर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं. अण्णा शेजारी मांडी घालून वाट पाहत होते. मी म्हणालो, “अण्णा, नेट येईना. नेट आलं की लागंल.”

हे खोटं होतं. आधी आवाज लागायचा तेव्हा नेटची गरज नसायची. पण अण्णांना ते कुठून माहीत असणार? ते “बरं” म्हणाले आणि दिव्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात जोडले. मी ऐकलं, ते पुटपुटत होते, “नरसिंहा, पोराचं नेट येऊ दे.”

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनी हेच मागितलं. नेट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. लाईटसारखं तारेतून येतं की पावसासारखं वरून, असं त्यांनी मला एकदा विचारलंही होतं. तरी ते मागत होते. आणि मीही मागत होतो, वेगळ्या कारणासाठी. नेट आलं तर इंटरनेटवर कुठेतरी ती फाईल परत आणायचा मार्ग सापडेल, निदान माझं खोटं आणखी चार दिवस टिकेल. कॉलेजमधून पेनड्राईव्हवर ड्रायव्हर आणून टाकले, एकही लागला नाही. दुसऱ्याची वायर मागून आणली, ती सैल निघाली. सगळं काही आमच्या विरुद्ध चाललंय असं वाटायचं. माय वाचली नाही, तिचा आवाज राहिला नाही आणि साधं नेटही येत नाही. त्या दिवसांत मी देवाला मनातल्या मनात फार कडू बोललो. ते इथे लिहिणार नाही.

पुढच्या शनिवारी अण्णा म्हणाले, पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊ, लॅपटॉप बरोबर घे. आमच्याकडे नवी गाडी घेतली की देवापुढे नेतात, नारळ फोडतात, हळदकुंकू लावतात. लॅपटॉपमध्ये नवी विंडोज टाकलीय पण देवाला दाखवली नाही, म्हणून ते अडलंय, असं त्यांनी ठरवलं होतं. मला लाज वाटली, पण नाही म्हणायचं तोंड नव्हतं. देवळात पुजाऱ्यांनी लॅपटॉप हातात घेतला, हसून म्हणाले, गाड्या लय पूजल्या, हे पहिल्यांदाच, आणि त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं. अण्णांनी दंडवत घातला. मी मूर्तीसमोर उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की मी देवाकडे खोटं टिकवायला मदत मागतो आहे. मग मला काहीच मागता आलं नाही. रडू मात्र आलं.

बाहेर मंडपात बसलो असताना शेजारी एक ताई आपल्या सासूला घेऊन बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. कुंकू लावलेला लॅपटॉप बघून त्या म्हणाल्या, “मामा, देवाला मेल पाठवायलाव काय?”

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, “न्हाई ताई. आमच्या मंडळीचा आवाज हाय त्यात. ती न्हाई आता. पोरानं नवं काय टाकलं त्यात, तवापासून नेट येईना. नेट आलं की लागंल म्हणतो.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरूनच त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी मला उघडं पाडलं नाही. सासूबाईंना पाणी हवंय, तेवढं आणून देता का, असं म्हणून अण्णांना त्यांनी नळाकडे पाठवलं. मग हळूच विचारलं, फाईल कुठे होती. डेस्कटॉपवर, मी म्हणालो. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. नंतर विचारलं, “नवी टाकल्यापास्नं नेटला जोडलं होतं का कधी?”

“न्हाई ताई. लागलंच न्हाई. नऊ दिवस झाले.”

“एकदा बी न्हाई?”

“एकदा बी न्हाई.”

त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. “मग आता हे उघडू नको. चालूच करू नको. नेट तर अजिबात जोडू नको.”

त्या गंगाखेडला संगणकाचे वर्ग घेत होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. पुसलेलं लगेच पुसलं जात नाही. धर्मशाळेच्या वहीतून नाव खोडलं, तरी माणसाचं गाठोडं खोलीतच असतं. नवा माणूस येऊन तिथे पथारी टाकेपर्यंत ते तसंच राहतं. नवी विंडोज नेटला लागली की दिवसभर स्वतःचं ढीगभर सामान ओढून आणते आणि मोकळ्या दिसणाऱ्या खोल्या भरत सुटते. तुझ्या यंत्रात अजून कुणी आलेलं नाही. थोडं गेलं असेल, पण सगळं गेलं नसेल. “मी वचन देत न्हाई,” त्या म्हणाल्या. “सोमवारी घेऊन ये.” आणि वर्गाचा पत्ता सांगितला.

अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन परत येत होते. त्यांच्याकडे बघताना मला ऐकू येत होतं ते त्यांचं आठवडाभराचं मागणं, आणि त्यातलं एकही देवाने ऐकलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सगळं सांगितलं. माझी चूक सांगितली, खोटं बोललो तेही सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.  पिंगळी जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, “म्हंजे मी जे मागायलो होतो, ते आलं असतं तर तिचा आवाज समदाच गेला असता?”

मी हो म्हणालो.

“बरं झालं मग, त्यानं ऐकलं न्हाई,” अण्णा म्हणाले, आणि टोपी काढून त्यांनी डोळे पुसले.

सोमवारी आम्ही दोघे रेल्वेने गंगाखेडला गेलो. ताईंनी लॅपटॉपमधली डिस्क काढून त्यांच्या संगणकाला जोडली. शोधायला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. अण्णा तेवढा वेळ वर्गाच्या पायरीवर बसून होते, जेवलेही नाहीत. शेवटी नाव नसलेली एक फाईल सापडली. अकरा मिनिटांतलं पावणेदोन मिनिटं उरली होती. बाकीचं नव्या विंडोजखाली गेलं असेल. काही कदाचित मी पेनड्राईव्ह लावून खटपट करत बसलो त्यात गेलं. मी ताईंना तसं विचारलं, तर त्या म्हणाल्या, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, विचारू नको.

त्या पावणेदोन मिनिटांत आरती नाही. ती सुरू होण्याआधीचं आहे, जे मी दर शनिवारी बोटाने पुढे सरकवून टाकायचो. माय खोकते. मला विचारते, चालू झालं का, मी काय बोलू. मग पाणी मागते. प्यायल्यावर थोडा वेळ नुसता तिचा श्वास आहे. मागे शेतातल्या मोटारीचा आवाज येतो आणि ती दाराकडे तोंड करून म्हणते, “आवो, ती मोटार बंद करा की. लय आवाज यायलाय.” मग ती घसा साफ करते, आरतीचा पहिला शब्द अर्धा उमटतो आणि संपतं.

ताईंनी ते लावलं तेव्हा अण्णा संगणकासमोर उभे होते. टोपी हातात होती. मोटार बंद करा, असं ती म्हणाली आणि अण्णा अगदी हळू, तिला उत्तर द्यावं तसं म्हणाले, “केली. केली बंद.”

ताई खोलीतून बाहेर गेल्या.

त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. निघताना आम्ही दोघांनी हात जोडले. त्या म्हणाल्या, आता हे तीन ठिकाणी ठेव, आणि न कळलेलं विचारायला लाजू नको.

मायची आरती गेली, ती माझ्या हाताने गेली. हे दुःख माझ्याजवळ राहणार आहे, आणि कुणी मला माफ केलं तरी ते संपेल असं वाटत नाही. ती पावणेदोन मिनिटं देवाने राखली की एका न लागलेल्या ड्रायव्हरने, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की आपण काय मागतो आहोत हे आपल्याला नेहमी कळत नाही. आम्ही दोघेही मनापासून मागत होतो, आणि आम्ही मागत होतो ते तिचं उरलंसुरलं पुसलं जाणं.

नंतर ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी वायफायचा एक छोटा ॲडॅप्टर आणून लावला. नेट लगेच आलं. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॅपटॉप त्याचं सामान खाली उतरवत राहिला. स्क्रीनवर टक्के वाढत होते आणि मी समोर बसून बघत होतो, किती काय काय येऊन बसलं असतं तिच्यावर. अण्णा शेतातून आले, त्यांनी विचारलं, आलं का नेट. मी आलं म्हणालो. ते माझ्याशेजारी बसले. आम्ही दोघांनी हात जोडले, आणि त्या दिवशी काही मागितलं नाही.