सीमी बेटावरची पिवळी घरं आणि प्रत्येक घरासमोर आमचे हे

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगलोरला मल्लेश्वरमचं आमचं घर दसऱ्याआधी रंगवायचं, आणि रंग ठरलेला: पांढरा. यंदा पिवळं करू, दारं निळी, असा धोशा मी लावला होता. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, अट घातली की पिवळं घर शोभतं हे आधी फोटोत दाखव. तेवढ्यात ह्यांना ऑफिसच्या कामासाठी अथेन्सला जायचं निघालं. मी लगेच रजा टाकली आणि ग्रीसचं सीमी बेट शोधून काढलं. तिथली घरं रंगीत असतात, हे एका मासिकात बघितलं होतं.

अथेन्सहून विमानाने ऱ्होड्स, तिथून बोट. बोट बंदरात शिरली आणि समोर डोंगरभर पिवळी, शेंदरी, निळी घरं. अण्णा गेले कामातून, असं मी मनात म्हटलं. बंदरावरच्या खोल्या महाग, वर चढलात तर स्वस्त. पण पायऱ्या इतक्या, की पोटऱ्या बोंबलतात. दगड गुळगुळीत आहेत, रबरी तळाचे बूट न्या. शाकाहारी मंडळींनी भात भरलेले टोमॅटो मागावेत. आम्ही वरून घरची चटणीपुडी घातली.

आता खरी अडचण. सासरचा नियम असा, की माणसाशिवाय फोटो म्हणजे रोल वाया. मी कॅमेऱ्यात भिंत धरली रे धरली, की हे पळत जाऊन तिच्यासमोर उभे. पोट आत, छाती बाहेर.

"अहो, स्वल्प सरका ना. मला भिंत हवीय."

"नुसती भिंत बघायला कोण येणार आहे?"

दुसऱ्या दिवशी ह्यांना घोरत ठेवून मी एकटीच सटकले. एक झकास पिवळं घर सापडलं. बटण दाबणार, तोच दारातून एक आजीबाई आल्या. मी हातानेच बाजूला व्हा म्हटलं. त्यांनी केस सारखे केले, आतून सून बोलावली, मांजर उचललं आणि ऐटीत उभ्या राहिल्या. भिंत गेली मसणात. काढला फोटो. मग त्यांनी कॉफीही पाजली.

परतल्यावर शिवाजीनगरच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आणले. अण्णांनी चष्मा लावून एकेक फोटो दोनदा बघितला. घर कुठे? ह्यांच्या कानामागे थोडंसं, आजीबाईंच्या मांजरामागे थोडंसं. मी हरलेच होते.

"ह्यात तू कुठे आहेस गं?" अण्णांनी विचारलं.

"मी काढत होते ना, अण्णा."

दोन रोल संपले, तरी मी एकाही फोटोत नाही, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"सरी, चालेल. पिवळा लाव," अण्णा म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी स्वतः कॅमेरा घेतला, मला नव्या निळ्या दारासमोर उभं केलं आणि शेजारी येऊन उभं राहणाऱ्या ह्यांना हाकललं. सीमीचा अल्बम आता कुणी उघडत नाही. अण्णांनी काढलेला फोटो मात्र अजून बैठकीत आहे. त्यात पिवळी भिंत जेमतेम वीतभर आली आहे, बाकी सगळी मीच.